समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण : आत नेमकं चालतं काय?

उत्तरपत्रिका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३९, सोळा वर्षं शाळेत गणित शिकवतेय. मानसिक आरोग्य समुपदेशनात मास्टर्स करून पुढे तेच काम करायचं मनात आहे. घरी बोलणं झालंय, दोन-तीन वर्षं हात आखडता घ्यावा लागेल याचीही तयारी आहे. माहितीपत्रकं चाळली तर सगळीकडे तेच ते : 'सर्वांगीण', 'कौशल्याधिष्ठित', 'अनुभवी प्राध्यापकवर्ग'. त्यावरून आत काय चालतं ते काडीचंही कळत नाही. म्हणून ज्यांनी हे केलंय किंवा करताहेत त्यांना विचारते : दोन-तीन वर्षं नक्की करून काय घेतात? चांगला अभ्यासक्रम आणि नुसती भरताड यांतला फरक बाहेरून ओळखता येतो का? आणि या वयात झेपेल का?

जमेची बाजू म्हणाल तर लोक आपणहून माझ्याकडे येऊन मन मोकळं करतात. स्टाफरूममधल्या निम्म्या जणींचे संसार मला पाठ आहेत. सल्ला बरा देते असं सगळे म्हणतात.

पानगळ

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

कच्चा_खर्डा

दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू आहे. उत्तरपत्रिका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. राग मानू नका, प्रवेशाच्या मुलाखतीत मीही हेच बोललो होतो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मग सल्ला दिल्यावर लोक तसं वागतात का?" मी गप्प.

पहिलं सत्र ती खोड मोडण्यातच जातं. तिघांतिघांचे गट करतात. एक क्लायंट, एक समुपदेशक, एक निरीक्षक, आणि आळीपाळीने जागा बदलायच्या. सुरुवातीचे काही आठवडे आम्हाला प्रश्न विचारायची बंदी होती. समोरच्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत परत द्यायचं, त्यामागची भावना कळली तर ती बोलायची, नाही कळली तर थांबायचं. दहा मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं ना? चौथ्या मिनिटाला माझ्या तोंडून "पण तुम्ही त्याच्याशी एकदा बोलून का बघत नाही" बाहेर पडलंच. निरीक्षकाच्या कागदावर सल्ल्याच्या रकान्यात रेघ. त्या दिवशी माझ्या सात रेघा झाल्या. वर्गात एक वकीलसाहेब होते, त्यांच्या अकरा!

थिअरी असतेच, तिची भीती बाळगू नका. मानवी विकास, व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती, निदान, मूल्यमापन, संशोधनपद्धती, गटसमुपदेशन, नीतिनियम. वाचून पास होता येतं. वाचून पास होता येत नाही असा भाग म्हणजे प्रॅक्टिकम (खऱ्या क्लायंटबरोबर सराव) आणि सुपरव्हिजन (त्या कामावर अनुभवी समुपदेशकाची देखरेख).

दूरदेशी

माझं शिक्षण अमेरिकेत झालं, तर तिथले आकडे देते. नियम देशोदेशी फार वेगळे आहेत, तेव्हा हे फक्त अंदाज यावा म्हणून. तिथे सीएसीआरईपी नावाची मान्यता देणारी संस्था आहे, १९८१ पासूनची. तिची मान्यता हवी तर मास्टर्स ६० सेमिस्टर क्रेडिटचं लागतं. पूर्ण वेळ केलं तर दोन ते तीन वर्षं. त्यात आधी प्रॅक्टिकम किमान १०० तास, त्यातले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर. मग इंटर्नशिप ६०० तास, त्यातले २४० प्रत्यक्ष. उरलेले तास नोट्स, मीटिंगा, फोन, आणि न आलेल्या क्लायंटची वाट बघणं. हे शेवटचं कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

पदवी हातात आली म्हणजे झालं असंही नाही. परवान्यासाठी पुन्हा काही हजार तास देखरेखीखाली काम, वर परीक्षा. किती तास ते राज्याराज्यावर. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकतानाच किमान १०० तास क्लायंटबरोबर काढावे लागतात आणि सुपरव्हिजन पुढे काम करताय तोवर चालूच राहतं. तीस वर्षं मुरलेला माणूसही महिन्यातून दीड तास कोणासमोर तरी बसून आपल्या केसेस मांडतो.

उलट काही ठिकाणी 'समुपदेशक' हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो. त्यामुळे तुम्ही जिथे काम करणार आहात तिथे परवाना किंवा नोंदणी लागते का, आणि ही पदवी तिथे चालते का, हे पैसे भरायच्या आधी बघा. नंतर नाही.

पाऊण_तास

अठरा वर्षं हे काम करतोय, त्यातली दहा सुपरव्हायझर म्हणून. उत्तरपत्रिका, चांगलं-वाईट बाहेरून ओळखायची माझी एकच युक्ती आहे. प्रवेशाच्या खिडकीवर जाऊन विचारा : "माझी सेशन्स कोण ऐकणार, आणि किती वेळा?"

ग्रंथालय केवढं, प्राध्यापकांच्या नावामागे काय काय आहे, हे नंतर. तुम्ही क्लायंटशी बंद खोलीत जे बोलता ते दुसरं कोणी ऐकलंच नाही, तर तुम्ही सुपरव्हायझरला सांगाल तेवढंच त्याला कळणार. आणि माणूस सांगताना आपल्याला शोभेल तेवढंच सांगतो. मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, फसलेली जागा त्याला दिसलेलीच नसते.

हे काही आजचं खूळ नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात होता तेव्हा, १९४० च्या आसपास, त्याने सेशन्स ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तेव्हाच्या तबकड्या काही मिनिटांत भरायच्या, की लगेच दुसरी चढवायची. १९४२ मध्ये त्याने एका क्लायंटची सगळी सेशन्स शब्दन् शब्द छापली. तोवर बंद दाराआड काय घडतं ते बहुतेक थेरपिस्टच्या आठवणीवरच चालायचं.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक रेकॉर्डिंग आणायचं (क्लायंटची लेखी संमती घेऊनच), त्यातल्या पंधरा मिनिटांचं व्हर्बेटिम, म्हणजे शब्दन् शब्द संभाषण, लिहायचं आणि समोरच्या रकान्यात 'तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं' ते भरायचं. मुलं शिव्या घालतात. घालू देत.

कच्चा_खर्डा

शिव्या घालणाऱ्यांत मी पहिला. पंधरा मिनिटं उतरवायला पहिल्यांदा अडीच तास लागले होते. आपलाच आवाज ऐकणं ही एक शिक्षाच. मला कळलं की मी दर वाक्याला "बरं, बरं" म्हणतो. एका सेशनमध्ये ४३ वेळा.

पण एक जागा सांगतो. अकराव्या मिनिटाला समोरची व्यक्ती म्हणते, "घरी तसं ठीकच आहे." मग सहा सेकंद काही नाही. आणि मग मी, "बरं. आणि झोप कशी लागते?"

सरांनी टेप तिथेच थांबवली. "या सहा सेकंदांत तू कुठे होतास?" मी म्हटलं, पुढचा प्रश्न शोधत होतो. "का?" कारण शांतता झाली होती. "शांतता झाली तर काय होतं?" मग मी बराच वेळ काही बोललो नाही, आणि त्यांनीही बोलू दिलं नाही. शेवटी म्हटलं, मला भीती वाटली की आता ती रडेल आणि मला काही सुचणार नाही. ते 'तसं' आणि 'ठीकच' मधला 'च' मी ऐकलाच नव्हता. ऐकला होता खरं तर, म्हणून तर पळालो.

पुढच्या सेशनला मी फक्त एवढंच म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही घरी तसं ठीकच आहे म्हणालात, आणि मी विषय बदलला." बाकीचा पाऊण तास त्या बोलल्या.

पाऊण_तास

@कच्चा_खर्डा, याला इंटरपर्सनल प्रोसेस रिकॉल म्हणतात. नॉर्मन केगन यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात १९६० च्या दशकात बसवलेली पद्धत. टेप लावायची, हवी तिथे थांबवायची आणि 'तेव्हा' काय झालं ते विचारायचं. तू चुकलास हे सांगायचं नसतं, ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. तुझ्या सरांना नमस्कार सांग.

शंकासुर

सगळं छान आहे, पण एवढा खटाटोप कशाला? ऐकून घ्यायला पदवी लागते का? चांगला मित्र हेच करतो, फुकट करतो. शिवाय सगळ्या थेरपींचे निकाल साधारण सारखेच येतात म्हणे. मग या ६०० तासांत शिकतात काय? वातावरणनिर्मिती?

पाऊण_तास

प्रश्न रास्त आहे, खोडसाळपणे विचारला असला तरी.

निकाल सारखे येतात हे निरीक्षण जुनंच आहे. रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धती वेगळ्या असल्या तरी आत काम करणारे घटक बरेचसे समान असावेत. पुढे १९७९ मध्ये बॉर्डिन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्या समान गोष्टींपैकी सगळ्यात महत्त्वाची उलगडून दाखवली. क्लायंट आणि थेरपिस्टचं एकत्र काम करण्याचं नातं. त्याचे तीन भाग : कुठे जायचंय याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. मित्राकडे तिसरा भाग भरपूर असतो. पहिल्या दोहोंवर त्याच्याशी कधी बोलणं झालंय का? शिवाय मित्राला आपलीही बाजू असते. तुमची नोकरी सुटली तर त्याचंही काहीतरी हलतं.

आणि तुम्हाला आणखी दारूगोळा देतो, वापरा हवा तर. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७० थेरपिस्ट, साडेसहा हजारांवर क्लायंट, कित्येक वर्षांची आकडेवारी. सरासरी थेरपिस्ट अनुभवाने सुधारत नाही असं दिसलं, किंचित खालीच जातो. म्हणजे नुसते तास घालून काही होत नाही. घसरण बारीक होती आणि काही जण सुधारलेही, पण 'वीस वर्षांचा अनुभव' या पाटीची हवा निघते. म्हणून तर मी तासांपेक्षा टेपबद्दल विचारायला सांगतोय.

आता मित्राला न जमणारी एक गोष्ट. नैराश्य किती आहे ते बघायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. नवीन विद्यार्थी पहिले आठ प्रश्न खणखणीत विचारतात आणि नवव्याला आवाज पडतो : "आणि... तसले काही विचार वगैरे येत नाहीत ना?" त्या 'नाहीत ना'कडे बघा. समोरच्याला काय उत्तर द्यायचं ते त्यातच सांगून झालं. तो तुमची सोय बघतो आणि "छे छे" म्हणतो. खुर्चीत बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, "जगणं नकोसं होतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" एवढं सरळ विचारायला आम्ही पुन्हा पुन्हा रोल-प्ले करून घेतो. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना हायसं वाटतं, कोणीतरी नाव घेतलं म्हणून.

'हो' उत्तर आलं तर पुढे काय विचारायचं, योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण आहे, क्लायंटबरोबर बसून सुरक्षिततेचा आराखडा कसा लिहायचा, कोणाला कळवायचं, हा सगळा शिक्षणाचा भाग. तुमचा मित्र त्या क्षणी म्हणेल, "वेड्यासारखं बोलू नकोस." प्रेमानेच म्हणेल.

शंकासुर

'नाहीत ना' पटलं. बाकीचं विचार करून सांगतो.

पानगळ

शंकासुरांना काहीतरी पटलं, तारीख लिहून ठेवा.

गोळीवाला

मनोविकारतज्ज्ञ आहे, आयडी विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या टोपणनावावरून घेतलाय. एकच मुद्दा, आमच्या बाजूने. कुठे थांबायचं हे शिकवणारा अभ्यासक्रम निवडा. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. पन्नाशीत पहिल्यांदाच धडधड आणि घाम सुटला तर 'अँग्झायटी' म्हणायच्या आधी हृदय तपासून घ्यावं. समुपदेशकाने निदानाच्या फंदात पडावं असं नाही, पण शंका यायला हवी. डीएसएम (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन हँडबुक) वाचून घेतात ते यासाठी. त्यातली लेबलं क्लायंटला चिकटवत सुटण्यासाठी नाही.

रेफरची चिठ्ठी लिहायला शिकवतात का तेही बघा. "कृपया पाहावे" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. काय पाहावे?

दूरदेशी

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. भाषा. मी सगळं इंग्रजीतून शिकले. परावर्तन (समोरच्याचं बोलणं त्याला परत देणं), सहानुभाव, सगळं. पहिला मराठी क्लायंट आला आणि माझी दातखीळ बसली. शिकवलेलं वाक्य मनात भाषांतर करून बोलले, "त्यामुळे तुम्हाला कसं वाटतं?" ते म्हणाले, "कसं म्हणजे? वाईट." आणि माझ्याकडे 'हे काय विचारणं झालं' अशा नजरेने बघत राहिले. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की..." असं म्हणावं तर उलटतपासणी चाललीय असं वाटायचं.

मराठीत लोक भावना नामांत सांगत नाहीत. 'मला दुःख होतंय' असं खऱ्या आयुष्यात कोण म्हणतं? जीव रमत नाही म्हणतात, घालमेल होते, कशात मन लागत नाही, आतून तुटतं, डोकं भणभणतं. कसंतरीच होतं! हे 'कसंतरीच' निम्म्या वेळा भीती असते, निम्म्या वेळा लाज. तेव्हा त्यांचाच शब्द उचलायचा, "कसंतरीच...", एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं ते स्वतः भरतात. हे मला कोणी शिकवलं नाही, चार-पाच क्लायंटनी शिकवलं. पण शिकत असतानाच मराठीतून रोल-प्ले करायची संधी मिळाली असती तर त्या चार-पाच जणांवर प्रयोग झाले नसते. तुम्ही ज्या भाषेत काम करणार त्या भाषेत सुपरव्हिजन देणारं कोणी आहे का, ते जरूर विचारा.

कच्चा_खर्डा

अगदी! माझ्याकडे सध्या एक क्लायंट आहे, *[प्रतिसादाचा हा भाग लेखकाने काढून टाकला आहे]*

पाऊण_तास

@कच्चा_खर्डा, तो भाग लगेच काढ बाळा. नाव लिहिलं नव्हतंस ते दिसलं. पण व्यवसाय, वय, भावंडं किती आणि काय प्रसंग घडला हे एकत्र आलं की ओळखणारा ओळखतो. आणि सगळ्यांच्या आधी तो माणूस स्वतः ओळखेल.

कच्चा_खर्डा

काढलं. कान पकडतो. परीक्षेत गोपनीयतेच्या पेपरला मला सगळ्यांत जास्त गुण होते, हे सांगायचीही लाज वाटतेय.

पाऊण_तास

असू दे, सगळ्यांचं होतं. उद्या सुपरव्हिजनमध्ये मात्र स्वतःहून सांग. ते टाळू नकोस.

बाकीच्यांसाठी : गोपनीयता म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नव्हे. कधी उघडावं लागतं तेही क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात म्हटलं की क्लायंटकडून दुसऱ्या कोणाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. प्रत्येक ठिकाणचा कायदा असाच आहे असं नाही, पण नीतिनियमांच्या तासाला हा खटला बहुतेक सगळीकडे येतो आणि वर्गात भांडणं होतात. व्हायलाच हवीत.

वाकडीवाट

मी अर्ध्यात सोडलेली. तेही कोणीतरी लिहायला हवं.

माझ्या अभ्यासक्रमात सुपरव्हिजन कागदावर होतं. बावीस जण, एक बाई, आठवड्याला एक तास. म्हणजे माणशी तीन मिनिटंही नाहीत. सत्राच्या शेवटी तासांच्या वहीवर एकगठ्ठा सह्या. माझ्या वहीत न झालेले तास भरायला सांगितलं तेव्हा मी भरले, आणि भरले याचा त्रास अजून होतो. समोर खरी माणसं येत होती. त्यांतल्या एका मुलीला मी काहीतरी चुकीचं बोलले, ती परत आली नाही, आणि मला ते कोणाला विचारताही आलं नाही. पाऊण_तास म्हणतात तो प्रश्न मी प्रवेशाच्या वेळी विचारला असता तर!

दुसरं कारण माझं स्वतःचं. आई जाऊन चार महिने झाले होते आणि मला दुःखाच्या केसेस दिल्या. दर सेशननंतर स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुवायचे. एका ज्येष्ठ शिक्षिकेने वर्षभर थांब असं सुचवलं, तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं, तिथे तेवढं एकच माणूस माझ्याकडे बघत होतं.

उत्तरपत्रिका

वाकडीवाट, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारू का? शिकणाऱ्याने स्वतः थेरपी घ्यावी असं म्हणतात. सक्ती असते का?

दूरदेशी

मनोविश्लेषणाच्या परंपरेत सक्ती आहे, आणि १९२० च्या दशकापासून आहे. तिथे विश्लेषक व्हायचं तर आधी स्वतः कोचावर आडवं व्हायचं. इतर ठिकाणी काही अभ्यासक्रम ठराविक तास मागतात, बरेचसे नुसता आग्रह करतात. माझ्याकडे सक्ती नव्हती, मी दुसऱ्या वर्षी घेतली. वडिलांच्या वयाचा कोणी क्लायंट आला की माझा आवाज बारीक व्हायचा, ते कुठून येतंय हे तिथे कळलं.

पाऊण_तास

मी सक्तीच्या बाजूने नाही. सक्तीची थेरपी म्हणजे हजेरीपट. पण जो विद्यार्थी "मला गरज नाही" असं ठामपणे म्हणतो त्याच्या टेप मी जरा जास्त ऐकतो.

शंकासुर

आणि जो "मला फार गरज आहे" म्हणतो त्याच्या?

पाऊण_तास

त्याच्याही. :)

खिडकीजवळची

मी दुसऱ्या खुर्चीतली. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण केंद्रात विद्यार्थी-समुपदेशकाकडे जात होते, कारण तिथे परवडत होतं. पहिल्या दिवशी त्याने संमतीपत्र वाचून दाखवलं : हे रेकॉर्ड होईल, माझे सुपरव्हायझर ऐकतील, अमुक दिवसांनी पुसलं जाईल, नको असेल तर कधीही सांगा. तो अडखळत वाचत होता आणि कागद थरथरत होता. का कोण जाणे, त्या थरथरीमुळेच मी सही केली.

हुशार वगैरे वाटला नाही. पण चुकला की पुढच्या वेळी येऊन सांगायचा, "मागच्या वेळी मी घाई केली." मला आयुष्यात तोवर कोणी असं म्हटलं नव्हतं. आता कच्चा_खर्डांचा प्रतिसाद वाचताना कळलं की मधल्या आठवड्यात कोणीतरी टेप थांबवत असणार.

तक्रार एकच. सत्र संपलं आणि तो गेला. दोन आठवडे आधी सांगितलं. मला ते फार लागलं. मुलांना शेवट करायला शिकवा हो.

पाऊण_तास

हे मी छापून भिंतीवर लावणार आहे, तुमची परवानगी असेल तर. शेवट पहिल्या भेटीतच सांगायचा असतो : आपल्याकडे इतके आठवडे आहेत. मग मधे एकदा, मग शेवटचे तीन-चार आठवडे दर वेळी. विद्यार्थी टाळतात, कारण त्यांनाही जड जातं. माझेही टाळतात.

खिडकीजवळची

लावा. नाव नको.

उत्तरपत्रिका

तीन आठवड्यांनी येतेय. दोन ठिकाणी जाऊन आले आणि प्रश्न विचारला : माझी सेशन्स कोण ऐकणार?

पहिल्या ठिकाणी समोरचे गृहस्थ गोंधळले. मग म्हणाले, "वर्गात केसवर चर्चा होते ना." मी म्हटलं, टेप? ते म्हणाले, "गोपनीयता असते हो, टेप कशी करणार?" दुसऱ्या ठिकाणी बाईंनी उत्तरच दिलं नाही, उठून एक खोली दाखवली. दोन खुर्च्या, मधे टिशूचा डबा, भिंतीत एकतर्फी काच, पलीकडे अरुंद जागेत चार स्टुलं आणि हेडफोन. म्हणाल्या, एका सुपरव्हायझरकडे सहा विद्यार्थी, दर आठवड्याला प्रत्येकाचा एक स्वतंत्र तास. वयाचं विचारलं तर त्यांनी या वर्षीच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तिघी माझ्याहून मोठ्या. अर्ज भरलाय.

दरम्यान एक आगाऊपणा केला. मैत्रिणीला विचारून, तिची परवानगी घेऊन, आमचं वीस मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. ती तिच्या सासूबाईंबद्दल बोलणार आणि मी नुसतं ऐकणार असं ठरलं होतं. रात्री व्हर्बेटिम लिहायला बसले. पहिला सल्ला बाविसाव्या सेकंदाला दिलाय.

कच्चा_खर्डा

बाविसाव्या? तुम्हाला उपजत आहे. माझा नवव्याला होता.

शंकासुर

मैत्रिणीने ऐकला का सल्ला?

उत्तरपत्रिका

नाही. "हो गं, बघते" म्हणाली आणि सासूबाईंवरून विषयच बदलला. ते मला टेप ऐकल्यावर कळलं.